एका दिवसाचं शेत

माझं लग्न झालं शहात्तर सालच्या मे महिन्यात. आठव्या की नवव्या दिवशी जेवायला बसलो असताना माझ्या नवऱ्यानं, कृष्णकांतनं, मला त्याच्या मोठ्या आईची, म्हणजे थोरल्या चुलतीची, गोष्ट गंमत म्हणून सांगितली. ती तिथंच होती, चुलीपाशी, आमच्या ताटात पोळ्या वाढत. सांगताना तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि तिनंच उठून त्याला पाणी दिलं. मीही हसले. नवी नवरी होते. नवरा हसला की आपणही हसायचं, एवढं मला कळत होतं. पुढच्या दहा वर्षांत मी त्या बाईला जवळून पाहिलं. तीच गोष्ट तिच्याही तोंडून ऐकली, एकदम नाही, कधी तूर निवडताना, कधी कपडे वाळत घालताना, थोडी थोडी. ती अशी होती.

तिचं नाव पंचफुला. काटोलच्या पुढं बसमधून उतरून दोन कोस चाललं की खैरडोह लागतं. तिथल्या चंपतरावांशी तिचं लग्न झालं होतं. चंपतराव आणि रुपराव हे सख्खे भाऊ, आणि धाकटे रुपराव म्हणजे माझे सासरे. बारा एकर जमीन दोघांची सामाईक, त्यातली चार एकर संत्र्याची बाग. चंपतरावांचा जीव भजनात. शेत पाहायची ती पंचफुलाबाई. मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःख तिनं कधी उगाळलं नाही. पहाटे उठून बागेत जायचं, झाडाझाडाखालून फिरायचं, कुठल्या फांदीला डिंक सुटला, कुठल्या आळ्यात पाणी तुंबलं ते बघायचं, हा तिचा दिवस. ती चौथी शिकलेली होती. अक्षर वळणदार होतं, पण लिहायची वेळ तिच्यावर कधी यायची नाही.

बासष्ट साली चंपतराव काविळीनं गेले. ती तीस वर्षांची होती. दोन वर्षं तिनं शेत तसंच सांभाळलं. चौसष्टच्या जूनमध्ये कृष्णकांतला नागपूरच्या शाळेत घातलं तेव्हा रुपराव तिला म्हणाले, "वहिनी, पंधरा दिवस पोराजवळ राहा. स्वयंपाकाले बाई भेटली का मी तुमाले घ्याले येतो."

नागपूरच्या महाल भागात एका बोळात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. ती दोन लुगडी घेऊन आली. पंधरा दिवसांनी रुपराव आले, ज्वारीचं पोतं ठेवून गेले, तिला नेलं नाही. दिवाळीत तिनं विचारलं तर म्हणाले, पोराची परीक्षा होऊ द्या. परीक्षेनंतर दुसरी परीक्षा आली. सदुसष्ट साली ती न सांगता एकटीच बसनं खैरडोहला गेली. तिच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरला होता. जाऊबाई, म्हणजे माझ्या सासूबाई जयवंता, दारातच म्हणाल्या की तुमची खोली आता कापसाले लागते. रात्री तिला ओसरीवर अंथरूण दिलं, आणि तिसऱ्या दिवशी पोरगं उपाशी राहील म्हणून परत बसमध्ये बसवलं. बागेत जाऊ दिलं नाही, असं कुणी म्हणणार नाही. फक्त त्या दोन दिवसांत तिच्यापुढं इतकी कामं टाकली की तिकडं पाऊल वळलंच नाही.

त्यानंतर ती स्वतःहून गेली नाही. महालातून सकाळी भाजी आणायला म्हणून निघायची आणि पार संत्रा मार्केटपर्यंत चालत जायची. काटोलकडच्या गाड्या शोधायची आणि हमालांना, गाडीवानांना विचारायची, तिकडं पाणी कसं आहे, बहार धरला का. फळ हातात घेऊन अंगठ्यानं दाबून बघायची. घेणार नाही हे कळल्यावर व्यापारी खेकसायचे.

कृष्णकांत सत्तर साली कृषी महाविद्यालयात गेला आणि घरात एक शेतीचं मासिक येऊ लागलं. त्याला ते वाचायचं नसायचं. ती वाचायची. त्यात शेवटी बायकांसाठी एक पान होतं, 'धुऱ्यावरून' नावाचं. आमच्याकडं शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. दोन शेतांतल्या बाया कामातून उठून धुऱ्यावर येतात आणि घटकाभर बोलतात, तसं ते पान. उमरेडकडच्या कुणी शोभाताई मिरचीबद्दल लिहायच्या, वर्ध्याकडच्या कुसुमताई कपाशीबद्दल, मौद्याकडची गोपिका नावाची बाई धानाच्या बांधीबद्दल, म्हणजे भातखाचराबद्दल. आपण कोण, कुठल्या, घरी किती गुरं, पहाटे शेतात गेलं की काय दिसतं, असं साधंच. पंचफुलाबाईनं सहा महिने नुसतं वाचलं. मग एके दुपारी कृष्णकांतच्या वहीचा कागद फाडून तिनं लिहिलं.

ते पहिलं पत्र मी पाहिलेलं आहे, छापलेलं. 'माझं नाव सौ.' असं लिहून तिनं 'सौ.' खोडलं असावं, कारण छापताना तिथं जागा सुटली होती. पुढं लिहिलं होतं की आमच्या शेतात चार एकर संत्रा आहे, माघात पहाटे ज्वारीतून गेलं की लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं, आणि संत्र्याचा बहार फुटतो त्या आठवड्यात मला घरात झोप लागत नाही. खाली गाव खैरडोह, आणि पत्रव्यवहारासाठी पुतण्याचा महालातला पत्ता.

हे खोटं होतं का? सातबाऱ्यावर तेव्हा तिचं नाव होतं. चंपतरावांच्या मागं अर्धा हिस्सा तिचाच होता. 'आमच्या शेतात' हे दोन्ही शब्द खरे होते. फक्त ती तिथं नव्हती.

तिची पत्रं जवळपास दर महिन्याला छापून येऊ लागली. बायका तिला विचारायच्या आणि ती सांगायची. झाडाला ताण कसा द्यायचा, म्हणजे पाणी किती दिवस तोडायचं, पान किती मलूल झालं की पुन्हा पाणी सोडायचं, कलमाचा डोळा बांधायचा तो जमिनीपासून किती बोटं वर. शोभाताईंनी तिच्या सांगण्यावरून मिरचीच्या शेजारी चाळीस संत्र्याची झाडं लावली. गोपिकेचं आणि तिचं वेगळंच जमलं. गोपिका मासिकाला न लिहिता थेट महालच्या पत्त्यावर लिहायची. तिची दोन मुलं एकाच पावसाळ्यात गेली होती. ती लिहायची की रोवणीच्या वेळी चिखलात उभी असते तेव्हाच तेवढं रडता येतं, कारण सगळ्यांचंच तोंड ओलं असतं. पंचफुलाबाईनं ते वाक्य मला तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं.

चौऱ्याहत्तरच्या नोव्हेंबरात मासिकानं नागपुरात वाचक बायकांचा मेळावा ठेवला. ती जाणार नव्हती. मग गोपिकेचं पत्र आलं की मी फक्त तुझ्यासाठी येते आहे. ती गेली. भाषणं झाली, हार झाले. दुपारी बाया बाहेर कडुनिंबाखाली शिदोऱ्या सोडून बसल्या आणि एकमेकींना पत्रांवरून ओळखू लागल्या. जिचा बैल पुरात वाहून गेला होता ती कोणती, जिनं सासऱ्याशी भांडून विहीर खोदवली ती कोणती. तिच्याभोवती तर घोळकाच झाला. सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटताना मुळांचा जो वास येतो त्याला काय म्हणावं, यावर अर्धा तास गेला. कुसुमताई म्हणाल्या की मी बैलांशी बोलते म्हणून घरचे मला वेडी म्हणतात, तर पाचजणी म्हणाल्या, आम्हीपण बोलतो. गोपिका तिच्या मांडीला मांडी लावून बसली होती आणि सबंध वेळ तिचा हात धरून होती. पंचफुलाबाई मला म्हणाली होती, "दहा वर्षांत मले कोनी हात लावला नव्हता वं."

उठताना शोभाताई म्हणाल्या की मृगाचा बहार फेब्रुवारीत तयार होतो, तेव्हा आपण सगळ्या पंचफुलाबाईंच्या बागेत जाऊ, रोडगे करू, वांग्याची भाजी करू. सगळ्यांनी होकार भरला आणि तिच्याकडं पाहिलं. ती म्हणाली, "या."

संक्रांतीला रुपराव तीळ-गूळ घेऊन आले तेव्हा तिनं विचारलं. शेत मागितलं नाही. एक दिवस मागितला. त्या दिवशी मैत्रिणींना बागेत बसू द्यावं, चूल मांडू द्यावी, आणि तिला त्यांच्यासमोर घरची म्हणून वागवावं, एवढंच. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, पत्रांची हकीकत कृष्णकांतकडून आधीच कळली होती.

"वहिनी, तुमाले एक दिवस पायजे," ते म्हणाले. "मले एक सही पायजे."

हक्कसोडीचा कागद होता. ती वाचू शकत होती, तिनं तो दोनदा वाचला. तालुक्याच्या कचेरीत साहेबानं विचारलं की बाई, राजीखुशीनं देता का, तेव्हा ती हो म्हणाली. मी तिला एकदा रागानंच विचारलं होतं की का दिलीत. ती पदरानं डबा पुसत होती. म्हणाली की अकरा वर्षांत त्या जमिनीनं मला एक दिवस दिला नव्हता. सही करून एक तरी मिळत होता.

फेब्रुवारीत एका रविवारी अकरा बाया आल्या. नागपूरहून बसनं काटोल, तिथून पुढची बस, आणि थांब्यावर रुपरावांनी दोन बैलबंड्या पाठवल्या होत्या. बागेच्या तोंडाशी ते स्वतः उभे होते. हात जोडले, गूळपाणी दिलं. पंचफुलाबाईला वाटलं, शब्द पाळला. तिनं बायांना झाडाझाडाखालून फिरवलं. तिच्या हातची झाडं आता मोठी झाली होती. फळं पिवळी पडली होती, फांद्या टेकू दिलेल्या. कुठलं झाड कुठल्या साली लावलं, कुठल्याला वीज लागली होती आणि तरी कसं फुटलं, ती सांगत होती आणि बाया ऐकत होत्या. गोपिकेनं एका झाडाच्या बुंध्याला गाल लावला. तासभर असं चाललं. गोवऱ्या पेटल्या, रोडगे भाजायला टाकले.

जेवायला पंगत बसायची वेळ झाली. पंचफुलाबाई गोपिकेशेजारी बसली. तेव्हा रुपराव जवळ आले.

"पंचफुला," ते म्हणाले, "तू कुठं बसून राहिली? ऊठ, पाहुण्याईले वाढ."

धाकट्या दिरानं मोठ्या भावजयीला एकेरी नावानं हाक मारलेली ऐकून बाया थबकल्या. रुपराव त्यांच्याकडं वळले आणि अगदी सभ्य आवाजात सांगू लागले की तुमचा काही गैरसमज झालेला दिसतो, हे शेत माझं आहे, ही बाई नागपूरला माझ्या पोराचा स्वयंपाक करते, अकरा वर्षांत हिनं इथली गवताची काडी उपटलेली नाही. कागद पाहायचा असेल तर घरी आहे. मग त्यांनी कृष्णकांतला हाक मारली. तो मासिकाचे अंक घेऊनच आला होता. सालदार, त्यांच्या बायका, संत्री तोडायला आलेले मजूर, सगळे जमले होते. त्यानं उभं राहून वाचायला सुरुवात केली, मुद्दाम बायकी आवाज काढून. 'आज पहाटे आमच्या बागेत गेले तर...' आणि थांबून विचारायचा, "कोणत्या बागेत गेली वं मोठीआई? महालातल्या का?" मजूर हसले. तीन पत्रं वाचून झाली तोवर त्यांच्यासोबत दोन पाहुण्या बायाही हसल्या होत्या. मग बाकीच्यांना हसायचं की रागवायचं ते कळेना, आणि त्यांनी राग निवडला.

शोभाताईंनी विचारलं, "मंग ते ताण द्यायचं, डोळे बांधायचं, हे सारं तुमी कुठून लिहलं?"

"आठवून," पंचफुलाबाई म्हणाली.

शोभाताई म्हणाल्या की तुमच्या आठवणीवर मी चाळीस झाडं लावून बसले. ती झाडं चांगली धरली आहेत, हे त्यांनीच सकाळी बंडीत सगळ्यांना सांगितलं होतं. ते आता कुणाला आठवलं नाही. कुसुमताईंनी ताट पुढं सरकवलं आणि उठल्या. एकेक करून साऱ्या उठल्या. गोपिका शेवटी उठली. पंचफुलाबाईनं तिचा हात धरायला हात पुढं केला, तो तिनं धरू दिला नाही.

"मी तुले सारं खरं लिहलं होतं," गोपिका म्हणाली. "माह्या पोराईचं सुदा."

बंड्या निघून गेल्या. रोडगे मजुरांनी खाल्ले. रुपरावांनी पंचफुलाबाईला भांडी घासायला सांगितली आणि संध्याकाळच्या बसनं ती कृष्णकांतबरोबर नागपूरला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं न्हाणीतल्या बंबात बायांची आलेली सगळी पत्रं घातली. कृष्णकांत मला ते सांगताना म्हणाला होता, "त्या दिवशी पाणी लवकर तापलं."

पुढच्या अंकात 'धुऱ्यावरून'च्या पानावर चौकट आली. पत्र पाठवणाऱ्या भगिनींनी यापुढं गावच्या सरपंचाची सही घेऊन पत्र पाठवावं, काही भगिनींनी वाचकांची फसवणूक केल्याचं निदर्शनास आलं आहे. नाव नव्हतं, पण सगळ्यांना कळलं. दोन-तीन महिन्यांत ते पानच बंद पडलं, कारण सरपंचाकडं सहीला जाणार कोण.

मी घरात आले ती यानंतर वर्षभरानं. तेव्हापासून मी तिला अशीच पाहिली, वाकलेली, आवाज न करता काम करणारी. कृष्णकांतला सरकारी नोकरी लागली होती. मला दिवस गेले, मुलगी झाली, ती तिनंच वाढवली. एकोणऐंशी साली ती सकाळी जाऊन दुपारी परत येऊ लागली, पायाला चिखल लावून. महिनाभरानं कळलं की मानेवाड्याच्या पलीकडं एका बागवानाच्या वावरात निंदायला जाते. मजुरीनं. कृष्णकांतच्या कचेरीतल्या कुणीतरी पाहिलं होतं. तो तिच्यावर ओरडला नाही. त्यानं कुलूप आणलं. तो कचेरीत असताना मी माहेरी किंवा बाजारात निघाले की तिला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचं असं ठरलं. किल्ली माझ्याकडं होती. वर्षभर मी ते कुलूप लावलं. एकदाही तिनं दार वाजवलं नाही.

ऐंशीच्या पावसाळ्यात कृष्णकांत दौऱ्यावर असताना मुलीला जुलाब लागले. तिला घेऊन मी डॉक्टरकडं धावले आणि कुलूप लावलं नाही. विसरले. पुढं पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत होते की मुद्दाम लावलं नाही. परत आले तर ती गेलेली होती, दोन लुगडी आणि एक तांब्या घेऊन. कृष्णकांतनं शोधलं नाही. माणसं विचारतील म्हणून गावाला गेली असं सांगायचं ठरलं, आणि मी तसं सांगत राहिले.

ती त्या बागवानाच्या वावरातच होती, मजूर बायांच्या झोपड्यांत. मी एकदा गेले होते. पालकाच्या वाफ्यात पाच-सहा बाया ओळीनं बसून निंदत होत्या, काहीतरी बोलत होत्या, मध्येच हसत होत्या. ती पण. मला पाहिल्यावर गप्प झाली. जवळ आली, हातांच्या भेगांत माती भरली होती. म्हणाली, "इकडं काहून आली? घरी माहीत पडलं तं तुलेच बोलन तो." पाणीसुद्धा विचारलं नाही, पण निघताना माझ्या पिशवीत मेथीची जुडी टाकली.

तिथं ती चार वर्षं राहिली. चौऱ्याऐंशीत त्या वावरात घरांच्या प्लॉटांचं ले-आउट पडलं. एका सकाळी माणसं आली, उभ्या भाजीत चुन्याच्या रेघा मारल्या आणि खुंटे ठोकले. मजुरांना आठवड्यात झोपड्या काढायला सांगितलं. बाकीच्या बाया दुसरीकडं गेल्या. तिला तोवर खोकला धरला होता, कुणी कामावर घेईना. ती बोळात येऊन खाली पायरीवर बसली. शेजाऱ्यांनी पाहिलं, म्हणून कृष्णकांतनं तिला वर घेतलं. गॅलरीत जागा दिली, ताटवाटी वेगळी केली. मुलीला तिच्याजवळ जायची बंदी. डॉक्टरनं इंजेक्शनं लिहून दिली होती. ती काही दिवस आणली, मग राहिली. मी आग्रह केला नाही. घरात लहान मूल आहे, असं मी म्हणत असे.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत ती गेली. खैरडोहला निरोप दिला तर सासऱ्यांनी सांगून पाठवलं की तिथंच उरका, इथं तिचं काय आहे.

तिरडी बांधणं चाललं असताना बोळात चार बाया आल्या. त्या मानेवाड्याच्या वावरातल्या. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. जिन्यावर गर्दी होती, खालच्या भाडेकरूंनी त्यांना वर येऊ दिलं नाही, मजूर बाया घरात कशाला. मी खाली गेले. त्यांतली वयस्क होती तिनं विचारलं की आम्ही तोंड पाहू शकतो का. मी म्हटलं, आता उचलतीलच.

ती म्हणाली, "आमी तिले नेहमी विचारत जाओ, बाई, तुले झाडाचं, मातीचं एवढं कसं समजते? तुहं सोताचं वावर होतं का? तं म्हणे, नाई वं, कवाच नव्हतं. जलमभर लोकाच्याच वावरात राबली मी." मग माझ्याकडं पाहत तिनं विचारलं, "खरं का, ताई?"

कृष्णकांत माझ्या मागं जिन्यात उभा होता.

मी म्हटलं, "हो. खरं आहे."